पाळण्याआधी आलेला खोका

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका घरी गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी कुरिअरने एक खोका आला. सुनेला सातवा महिना होता. खोका तिच्या यजमानांनी मागवला होता आणि तो उघडला गेला नेमका आजेसासूबाईंसमोर. आतून निघाले मुठीत मावेल एवढे पांढरे यंत्र, दोन पारदर्शक नरसाळी, नळ्या, रबरी झडपा आणि दोन छोट्या बाटल्या. बाटल्या पाहताच आजींचा चेहरा उतरला. बाळ जन्मण्याआधी या घरात साधे लंगोटही शिवले जात नाही, पाळणा माळ्यावरून खाली उतरत नाही. तिथे दिवस भरायच्या आतच बाटली?

“पोरी, बाळाचं काही आधी घरात आणू नये,” आजी म्हणाल्या.

“आजी, यात बाळाचं काहीच नाही. हे सगळं माझं आहे,” सून म्हणाली.

उत्तर हजरजबाबी होते आणि खरेही होते. दूध काढण्याचा पंप ही आईची वस्तू आहे. सुंठीची बरणी, शेक-शेगडीचे कोळसे, अंगाला लावायचे तेल यांची तजवीज बाळंतपणाआधी होतेच. तिला कोणी अशुभ मानत नाही. आजींनी त्या दिवशी काही उत्तर दिले नाही, मात्र खोका त्यांनी स्वतःच उचलून लोखंडी कपाटात, बाळंतिणीच्या डिंकाच्या डब्याशेजारी ठेवला.

घरोघरी आज हा खोका येऊ लागला आहे. डोहाळजेवणाच्या भेटींतही तो दिसतो. तो घेताना किंमत, कंपनी आणि वॉरंटी यांची चौकशी व्यापारी घरे चोख करतात. अडचण पुढे येते. कित्येक घरांत हे यंत्र दोन-तीनदा वापरून कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि आईला वाटते की दोष आपल्या दुधात आहे. बहुतेक वेळा दोष दुधात नसतो. खोक्याबरोबर जे येत नाही, म्हणजे जागा, वेळ आणि घरच्यांचे ज्ञान, त्याची तयारी झालेली नसते.

दूध काढण्याचे यंत्र काही कालपरवाचे नाही. अमेरिकेत अशा पंपाचे पेटंट १८५४ सालीच नोंदले गेले होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एडवर्ड लास्कर या अभियंत्याने बाळाच्या चोखण्याची नक्कल करणारे यंत्र बनवले. हे गृहस्थ बुद्धिबळाच्या जगात नामवंत खेळाडू म्हणूनच अधिक ओळखले जातात. पुढे १९५६ साली स्वीडनमध्ये आयनार एग्नेल यांनी स्तनाला इजा न होईल अशा बेताने ओढ देणारा पंप तयार केला. बराच काळ ही यंत्रे रुग्णालयांतच होती. घरात आली ती आई घराबाहेर कामाला जाऊ लागली तेव्हा.

व्यापारी घराचा प्रश्न इथेच सुरू होतो. नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली. १९६१ च्या मूळ कायद्यातच, कामावर परतलेल्या आईला मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा स्तनपानासाठी कामातून वेळ देण्याची तरतूद होती. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या दुकानांनाही हा कायदा लागू झाला. पण घरची सून हजेरीपटावर नसते. ती जीएसटीची विवरणे भरते, बँकेची कामे पाहते, शेतकऱ्यांच्या पट्ट्या तपासते, गल्ल्यावर बसते. तिच्या रजेचा अर्ज कोणाकडे करायचा, याला उत्तर नाही. “घरचंच तर काम आहे, कधी पण ये, कधी पण जा” हे वाक्य ऐकायला उदार वाटते. मार्चअखेर आली की त्याचा अर्थ “रोजच ये” असा होतो.

सांगलीच्या या सुनेच्या बाबतीत हिशेब सरळ होता. प्रसूती मार्गशीर्षात, बार्शीला माहेरी. तीन महिने माहेरपण. परत येणार ती होळीच्या सुमारास, म्हणजे यार्डात नव्या हळदीचे सौदे जोरात आणि वर्षाचे खाते बंद व्हायला पंधरा दिवस. तिची जागा घेणारे घरात दुसरे कोणी नव्हते. हे सातव्या महिन्यात उघडपणे बोलले गेले, ही या घराची खरी पूर्वतयारी. सासरे, सासूबाई, मुलगा आणि सून एका रविवारी बसले आणि ठरले: दुकानात रोज चारच तास, साडेदहा ते अडीच. बाकीचे काम घरी संगणकावर.

यंत्राची निवड त्यानंतर सोपी झाली, कारण किती वेळ बाहेर राहायचे हे माहीत झाले होते. जी आई घरीच असणार आणि कधीमधी दोन तास लग्नाकार्याला जाणार, तिला हाताने दाबायचा साधा पंप पुरतो; पुष्कळदा तर नुसता हातच पुरतो. रोज ठरावीक तास बाहेर जाणारीला विजेवर किंवा चार्जिंगवर चालणारा पंप सोयीचा. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दूध काढणारा पंप वेळ जवळजवळ निम्मा वाचवतो. कपड्यांच्या आत बसणारे बिननळीचे पंपही आता मिळतात. दिसायला आकर्षक, धुवायला किचकट. आणि बाळ दिवसाआधी जन्मून काचपेटीत असेल तर गरज असते रुग्णालयातील शक्तिशाली पंपाची. तो विकत घेण्याची वस्तू नव्हे, रुग्णालयात वापरण्याची किंवा भाड्याने आणण्याची.

नणंदेने आपला वापरलेला पंप देऊ केला होता. पाळणा, चांदीचे बोंडले, दुपटी एका बाळंतपणातून दुसऱ्यात जातात, तसाच पंपही जावा असे वाटणे साहजिक आहे. मात्र घरगुती पंप एकाच आईसाठी असतो. अनेक पंपांत दुधाचा ओलावा नळीतून थेट मोटरपर्यंत पोचतो आणि तिथे हात किंवा ब्रश पोचत नाही. नळीत दूध शिरू न देणारे बंद रचनेचे पंप अधिक सुरक्षित असतात; खरेदी करताना दुकानदाराला एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. अनेकींनी वापरण्यासाठी मुद्दाम बनवलेला रुग्णालयीन पंप मात्र, नरसाळे-नळ्यांचा संच प्रत्येकीचा वेगळा ठेवून, वापरता येतो.

दुसरी गोष्ट नरसाळ्याच्या मापाची. खोक्यावर त्याला फ्लँज म्हटलेले असते. या खोक्यात २४ आणि २८ मिलिमीटरची नरसाळी होती. प्रसूतीनंतर मोजले तेव्हा तिला दोन्ही मोठी पडत होती. स्तनाग्र नळीत मोकळेपणे पुढेमागे व्हावे, भोवतीची त्वचा आत ओढली जाऊ नये आणि दुखू नये, ही मापाची खूण. गरोदरपणात आणि बाळंतपणात माप बदलते, म्हणून वेगवेगळ्या मापांचे संच आधीच आणून ठेवण्यात पैसे वाया जातात. आधी आणून ठेवायचे ते रबरी झडपांचे जास्तीचे जोड. हा भाग सर्वांत आधी झिजतो, झिजला की ओढ कमी होते आणि आईला वाटते दूधच आटले. शंभर घरांतील रडारड एका बोटभर झडपेपायी होत असावी.

यंत्र आल्यावर ते चार्ज करावे, चालू करून तळहातावर ओढ पाहावी, पावती जपून ठेवावी. पण प्रसूतीआधी ते स्तनाला लावून पाहू नये. स्तनाग्र चेतवल्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात. काही मातांना, उदाहरणार्थ मधुमेह असलेल्यांना, शेवटच्या आठवड्यांत हाताने थोडा चीक काढून ठेवण्यास डॉक्टर सांगतात. तो निर्णय डॉक्टरांचाच.

खरे तर सर्वांत आधी शिकायचे ते हाताने दूध काढणे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा घट्ट, पिवळसर चीक इतका थोडा असतो की पंपात तो नरसाळ्याच्या कडेलाच चिकटून राहतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतो तोही चमचाभरच, पाच-सात मिलिलिटर. अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला, काळसर भागाच्या थोडे मागे ठेवायची, छातीच्या दिशेने मागे दाबायचे, मग हलकेच एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. बोटे त्वचेवरून घसरवायची नाहीत. चीक थेट वाटीत किंवा चमच्यात पडतो. ही कला यंत्र बंद पडले, वीज गेली, प्रवासात झडप हरवली, तरी उपयोगी पडते. आजींच्या पिढीला ती येत होती. बार्शीला पहिल्या रात्री बाळ नीट धरेना, तेव्हा पंप कपाटातच राहिला आणि आईच्या आईनेच लेकीला हे करून दाखवले.

जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आता सर्वांना ठाऊक आहे. तरी गुळाचे पाणी बोटाने चाटवणारे कोणी ना कोणी खोलीत असतेच. चीक ‘जड’ म्हणून टाकून देणारेही असतात. या गोष्टी पहिल्या दिवशी खाटेशेजारी उभे राहून वादात मिटत नाहीत. आधी बोलून घ्याव्या लागतात.

दुधाचे गणित व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागू नये. ते मागणीवर चालते. स्तन जितक्या वेळा रिकामा होतो तितके दूध बनते. माल गोदामात पडून राहिला की पुढची आवक आपोआप थांबते. म्हणून बाळ नीट पीत असताना पहिल्याच आठवड्यात पंप लावून साठा करण्याची घाई करू नये. मागणी खोटी वाढते, दूध गरजेपेक्षा जास्त येते, छाती दगडासारखी होते, गाठी धरतात, क्वचित ताप भरतो. छातीचा एखादा भाग लाल, गरम झाला आणि ताप आला, तर पाजणे चालू ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. बाळ आणि आई दोघांचे नीट बस्तान बसले, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे झाले, की पंपाची ओळख करून घेण्यास योग्य वेळ येते.

अपवाद एकच, आणि तो मोठा आहे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, काचपेटीत असेल, पिऊ शकत नसेल, तर वाट पाहायची नाही. पहिल्या काही तासांतच हाताने किंवा रुग्णालयाच्या पंपाने दूध काढायला लागायचे आणि दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढत राहायचे, रात्रीसुद्धा. अशा बाळांना आईचे दूध औषधासारखे असते. ज्या मातांना दूध येऊ शकत नाही त्यांच्या बाळांसाठी दुधाच्या पेढ्या आहेत आणि त्यांचा आशियातील आरंभ महाराष्ट्रात झाला. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. दात्या मातांची तपासणी करून घेतलेले दूध ६२.५ अंश तापमानावर तीस मिनिटे ठेवून निर्जंतुक केले जाते आणि मगच बाळाला मिळते. पेढी हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या पैशासाठी वापरणाऱ्या घरांनी तो या अर्थानेही लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपण नाव घातलेल्या रुग्णालयात स्तनपान सल्लागार आहे का, पंप आहे का, जवळ दूधपेढी कुठे आहे, हे तीन प्रश्न आठव्या महिन्यात विचारून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

आता बाळंतिणीची खोली. रीती घरोघर वेगळ्या आहेत. कुठे दहा दिवस, कुठे सव्वा महिना, कुठे त्याहून अधिक काळ बाळंतीण स्वयंपाकघरात जात नाही. मग पंपाचे भाग उकळणार कोण आणि कुठे? हा प्रश्न तिसऱ्या रात्री उभा राहतो तेव्हा सगळे थकलेले असतात. बार्शीच्या घरी यावर आधीच तोडगा निघाला. खोलीत एक छोटी इंडक्शन शेगडी, एक झाकणाचे पातेले, एक टोपले आणि एक ब्रश, हे सारे फक्त याच कामाचे. रीतही सांभाळली गेली आणि आरोग्यशास्त्रही तेच सांगते: पंपाचे भाग भांडी घासण्याच्या मोरीत ठेवू नयेत, त्यांचे भांडे आणि ब्रश वेगळे असावेत. प्रत्येक वापरानंतर भाग सुटे करून आधी पाण्याखाली धरावेत, मग साबणाच्या गरम पाण्यात धुवावेत आणि स्वच्छ पंचावर हवेत वाळू द्यावेत, पुसू नयेत. बाळ दोन महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत. मात्र कोणता भाग उकळायला चालतो हे पुस्तिकेत पाहून. मोटरला जोडलेली नळी उकळत नाहीत. तिच्यात ओल किंवा काळे ठिपके दिसले तर ती बदलावी. ज्या घरांत वर्षानुवर्षे पाणी गाळून, उकळून, वेळ मोजून वापरले जाते, तिथल्या बायकांना ही शिस्त शिकवावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र या शिस्तीमुळेच बिघडली. सहाव्या आठवड्यात सुनेने पहिल्यांदा पंप लावला. नरसाळे मोठे पडत होते. त्यात बसवायचा लहान मापाचा जोड येईपर्यंत चार दिवस दुखले. पाचव्या दिवशी दोन बैठका मिळून शंभर मिलिलिटरच्या आसपास दूध जमले. तिने ते काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवले आणि ती झोपली. काकूंनी फ्रीज उघडला, दूध दिसले, आणि घरात दूध आले की जे करायचे तेच त्यांनी केले: पातेलीत ओतून गॅसवर चढवले, चांगली उकळी येऊ दिली. काकूंची चूक नव्हती. त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण जागी झाल्यावर ती मुलगी जी रडली, ती तिच्या आईला अजून आठवते. पातेल्यातले दूध शंभर मिलिलिटरच होते. त्यामागे दीड तास बसणे होते.

आईचे दूध उकळायचे नसते. उकळल्याने त्यातील रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात. मायक्रोवेव्हमध्येही ठेवायचे नसते, कारण ते कुठे थंड तर कुठे चटका बसेल असे गरम होते. कोमट पाण्याच्या वाटीत बाटली उभी करून थोडा वेळ ठेवली की पुरे. फ्रीजमध्ये ठेवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो आणि खाली निळसर पाणी दिसते. ते नासलेले नसते, हलकेच गोल फिरवले की एक होते. ही चार वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजच्या दारावर लावण्याचे काम बाळाच्या वडिलांचे. बार्शीला तो कागद सातव्या आठवड्यात लागला.

दूध किती टिकते याचे मान ठरलेले आहे. पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, उणे अठरा अंशांच्या फ्रीजरमध्ये सहा महिने. बाळाने तोंड लावलेले उरलेले दूध दोन तासांत संपवायचे, नाहीतर टाकायचे. गोठवलेले दूध फ्रीजमध्ये वितळवल्यावर चोवीस तासांत वापरायचे आणि पुन्हा गोठवायचे नाही. आता सांगलीत मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पंचवीस अंश कुठे असतात? तेव्हा चार तासांचा हिशेब विसरून दूध काढल्याबरोबर थंड जागी ठेवावे. फ्रीजच्या दारात नव्हे, आतल्या कप्प्यात, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी, साठ ते शंभर-सव्वाशे मिलिलिटरचे लहान भाग करावेत. जुने आधी वापरावे. हा नियम कोणत्याही गोदामाचा आहे.

एका प्रश्नावर मात्र मासिकातून उत्तर देणे योग्य होणार नाही. आदल्या दिवशीचे अन्न वर्ज्य मानणाऱ्या घरात रात्रभर ठेवलेल्या दुधाचे काय? काही घरे आईच्या दुधाला हा नियम लावत नाहीत, काहींच्या मनात शंका राहते. ज्यांना शंका असेल त्यांनी ती महाराजांना किंवा घरातील जाणत्यांना बाळंतपणाआधीच विचारावी. बाळ भुकेने रडत असताना नव्हे. रात्री पाणी न घेण्याचा नियम असलेल्या मातांनीही तसेच करावे, कारण पाजणाऱ्या आईला रात्री तहान लागतेच. डॉक्टरांचे मत दोन्ही बाबतींत बरोबर घेऊन जावे.

सांगलीच्या घरी हा प्रश्न साठ्याचा विचार बदलल्यामुळे उरलाच नाही. मोबाइलवर फ्रीजरभर दुधाच्या पिशव्या रचलेली छायाचित्रे पाहून सून घाबरली होती. प्रत्यक्षात पहिला महिना संपल्यावर बाळ दिवसभरात सरासरी पाऊण लिटरच्या आसपास दूध पिते; आई दूर असताना तासाला तीस ते पंचेचाळीस मिलिलिटर धरले तर चार तासांना सव्वाशे ते पावणेदोनशे पुरतात. एवढ्यासाठी फ्रीजर भरायची गरज काय? परिग्रह दुधाचाही होऊ शकतो.

व्यवस्था अशी बसली. सकाळी बाळाला पाजल्यावर साडेसहाच्या सुमारास पंप. त्या वेळी दूध जास्त असते. ते फ्रीजमध्ये, अकरा-साडेअकराला बाळासाठी. साडेदहाला पाजून सून दुकानात. साडेबाराला घरून जेवणाचे डबे घेऊन स्कूटरवर मुलगा येतो. तोपर्यंत तिचे दूध काढून झालेले असते. बर्फाच्या पिशवीसह ती थैली त्याच स्कूटरवरून घरी जाते. डबा येतो आणि दूध जाते. अडीचला ती परत येते तेव्हा बाळ पुन्हा भुकेलेले असते आणि तसेच असायला हवे.

घरी बाळाला दूध आजेसासूबाई पाजतात. खोक्यातल्या बाटल्या फक्त दूध गोळा करायला वापरल्या जातात. पाजायला वाटी-चमचा आणि चांदीचे बोंडले. बाटलीची रबरी चोखणी नीट साफ होणे कठीण आणि तिची सवय लागलेले बाळ कधी कधी आईकडे तोंड फिरवते. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, बाळाच्या डबाबंद दुधाची आणि दूध पाजण्याच्या बाटलीची जाहिरात करण्यास, त्यांवर सूट वा भेट देण्यास मनाई आहे. औषधांची दुकाने चालवणाऱ्या कुटुंबांना हे ठाऊक असेलच. आजींना तो कायदा माहीत नव्हता. बाटली त्यांना पहिल्या दिवसापासूनच आवडली नव्हती, एवढेच. बोंडले माळ्यावरून काढून, उकळून, त्यांनी स्वतः पुढे केले.

दुकानातली जागा हा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग ठरला. अडतीच्या पेढीवर एकांत नसतो. पुढे गादी, मागे गोदाम, गोदामात हळदीच्या पोत्यांची थप्पी आणि पिवळी धूळ. स्वच्छतागृहात बसून दूध काढण्याचा पर्याय सासूबाईंनीच धुडकावला, “तिथं बसून तुम्ही जेवाल का?” एवढेच त्यांनी विचारले. माडीवर जुन्या चोपड्यांची दप्तरखोली होती. चोपड्या एका भिंतीला गेल्या, एक खुर्ची आली, विजेचा बोर्ड बसला, आतून कडी लागली, खिडकीला पडदा. सारा खर्च पंपाच्या किमतीपेक्षा कमी. दिवाणजींना मात्र सवय व्हायला आठवडा लागला. तीस वर्षे ते त्या खोलीत न विचारता जात होते. शेवटी सासऱ्यांनी त्यांना एकदाच सांगितले की बारा ते साडेबारा त्या खोलीत कोणी जायचे नाही, कितीही मोठा खरेदीदार उभा असला तरी. त्यानंतर कोणी विचारले तर दिवाणजी स्वतःच सांगू लागले, “वहिनी कामात आहेत.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गोदामात हळद निवडणाऱ्या बायकांपैकी एक जण जिन्याशी घुटमळताना सासूबाईंना दिसली. तिचे पाच महिन्यांचे बाळ घरी तिच्या आईजवळ असे. सकाळी आठला पाजून आलेली, दुपारपर्यंत छाती ठणकू लागे, पोलक्याला ओल येई आणि त्यावर हळदीची धूळ बसे. पंप तिच्याकडे नव्हता आणि पंपाची तिला गरजही नव्हती. हवी होती बंद होणारी कडी. सासूबाईंनी तिला वर नेले, सुनेने हात धुवायला पाणी दिले आणि हाताने दूध कसे काढायचे ते दाखवले. आठवड्याभरात डब्याच्या स्कूटरला आणखी एक थांबा वाढला.

दप्तरखोलीची किल्ली आता दिवाणजींच्या गादीमागच्या खिळ्यावर असते. खाली पाटीवर खडूने दोन वेळा लिहिलेल्या आहेत: बारा ते साडेबारा आणि साडेबारा ते एक.